पिवळ्या पट्ट्याच्या आत

“पाण्यावर बसून डोक्याला हेल्मेट! वरून काय नारळ पडणारेत?” शुक्रा मशीनपाशी पुटपुटत होता. जमनाकाकी पूजेचं ताट घेऊन बोटीवर चढली, तसा तो गप्प झाला. मग उठून आडवाच उभा राहिला.

“काकी, पट्ट्याच्या आत नको.”

पट्टा पिवळा होता. हवेच्या मशीनभोवती बोटीच्या फळ्यांवर चौकोन रंगवला होता. हे मशीन लांब नळीतून खाली हवा सोडतं आणि त्या हवेवर पाणबुड्या समुद्राच्या तळाशी काम करतो. डहाणूच्या बंदरातून निघायचं, बारा वाव खोल पाण्यात माणूस उतरवायचा, कारखान्याचा पाण्याखालचा नळ दुरुस्त करायचा, हा काकीच्या मुलाचा, मनिषचा धंदा. कारखाना नळ बंद ठेवतो तो नेमका दसऱ्याच्या सुमाराला. म्हणून दसऱ्याला आधी मशीनची पूजा आणि लगेच काम. पूजा काकीच करायची. कुंकू, तांदूळ, झेंडूचा हार. बोट घेतली त्या वर्षापासून हे असंच चाललेलं.

गेल्या दसऱ्यालाही तिनंच केली होती. त्या दिवशी पाणबुड्या गोपीनाथ तळाशी असताना त्याला हवा मिळेनाशी झाली. दोरीनं वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यातून तो जिवंत घरी आला, यातच सगळं आलं. “फिल्टर चोंदला,” एवढंच मनिष घरी येऊन म्हणाला आणि आईकडे न बघता हात धुवायला गेला.

मशीनवर होता शुक्रा. तेव्हापासून काकीनं त्याला सोडलं नव्हतं. “फिल्टर पुसायला काय तलासरीहून पाहुणे बोलवायचे होते रे?” असं ती येताजाता ऐकवायची. शुक्रा तलासरीकडच्या पाड्यावरचाच. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. ती खाली घातलेली मान बघून काकीची खात्री आणखी पक्की व्हायची.

पुढे मनिषनं सगळ्यांना सुरक्षेच्या प्रशिक्षणाला नेलं. तिथल्या साहेबानं सगळ्यांकडून एक वाक्य म्हणून घेतलं. धोका दिसला की बोलायचं, मग समोर कोणी का असेना. सगळ्यांनी ते खड्या आवाजात म्हटलं. जेवणात श्रीखंड होतं, ते गोपीनाथच्या जास्त लक्षात राहिलं. त्यानंतर बोटीवर हेल्मेटं आली, शिट्ट्या आल्या आणि हा पट्टा आला.

त्याच थंडीत काकीचा नवरा गेला.

मग हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. लोक भले होते. कुंकवाचं ताट फक्त जरा बाजूनं न्यायचे. बाजूनं जाणारं ताट काकीला आता लांबूनही ओळखू यायचं.

“आत का नको?” तिनं विचारलं.

“नियम हाय.”

“मग काय, इथून फेकू हार? तू झेलतोस?”

मनिष बांधलेला दोर सोडत होता. तो तसाच टाकून आला. “आई, यंदा नुसतं कुंकू लाव ना. तेही पुढं, बोटीच्या तोंडाला. हार कशाला?”

“एवढी वर्षं लागला तो?”

“भरती निघून जाईल, आई. गोपीनाथ खोळंबलाय.”

गोपीनाथ पोशाख कमरेपर्यंत चढवून कडेला बसला होता. गेल्या दसऱ्यानंतर आज तो पहिल्यांदा खाली जाणार होता. सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. काल त्याची बायको वर्षा मुद्दाम काकीकडे येऊन गेली होती. “काकी, यंदा हार चांगला जाडजूड करा,” असं म्हणाली होती. आपल्याला कोणीतरी काहीतरी करायला सांगितलं, याचंच काकीला इतकं बरं वाटलं होतं की तिनं दुप्पट झेंडू ओवला.

तिनं ताट खाली ठेवलं.

“सरळ बोला ना. माझं कपाळ रिकामं झालं. माझा हात लागला तर मशीन बंद पडेल, म्हणून हा पट्टा. असंच ना?”

मनिष पाण्याकडे बघू लागला. शुक्रानं हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. ‘नाही’ म्हणायला कोणाची हरकत नव्हती. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचंही सांगावं लागलं असतं. म्हणून कोणी ‘नाही’सुद्धा म्हणालं नाही.

काकीला उत्तर मिळालं. पोटचा मुलगासुद्धा.

तिनं हार उचलला आणि पट्टा ओलांडला. शुक्रा तिला अडवायला पुढं झाला, पण म्हाताऱ्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा, म्हणून तसाच थांबला. निघण्याआधी तपासायला चालू केलेलं मशीन धडधडत होतं. हवा आत घेणारी जाळी पुढच्या बाजूला होती. नेहमी तिथंच हार शोभून दिसायचा. काकीनं तो जाळीसमोर धरला. वारा अजिबात नव्हता, तरी झेंडूच्या पाकळ्या जाळीकडे वळल्या. एक सुटली आणि जाळीला जाऊन चिकटली.

काकीनं हार जरा मागं घेतला.

मागं गोपीनाथ उभा राहिला. त्याचा आवाज मोठा नव्हता.

“काकी, गेल्या वर्षी माझी हवा तुमच्या हारानं अडवली. शुक्रानं तो जाळीतून ओरबाडून काढला, म्हणून मी वाचलो.”