जोडीने निघालेला उजेड

उपग्रहाची घंटा वाजली तेव्हा मंगळावरच्या वेधशाळेत विश्राम तांडेल एकटाच पिठलं गरम करत होता. दूर कुठेतरी क्ष-किरणांचा झोत चमकून विझला होता. त्या जागी डोळ्यांना दिसेल असा उजेड उरलाय का, हे शोधणं त्याचं काम. नियम जुनाच होता: दोन ग्रहांवरून दोघांनी पाहिलं तरच नोंद.

दुसऱ्या होत्या पृथ्वीवरच्या कुमुदताई. निरोप त्यांच्यापर्यंत पोचायला आज अकरा मिनिटं लागणार होती आणि असा उजेड जेमतेम चार मिनिटं टिकायचा. सहा वर्षांत त्याने सत्तावीस उजेड कळवले होते. सत्तावीस वेळा उत्तर आलं होतं, "विश्राम, इथे काही नाही रे."

दुर्बीण फिरली. मधोमध निळसर ठिपका होता. त्याने सवयीने जागा कळवली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आज पृथ्वी बरोबर त्याच्या पाठीशी आहे. समोरून आलेला उजेड त्याला ओलांडून तिकडेच निघाला होता, त्याच्या निरोपाच्या जोडीने, त्याच वेगाने.

चार मिनिटांनी ठिपका विझला. तो गार पिठल्यासमोर बसून राहिला. निरोप पाठवल्यापासून बावीस मिनिटांनी ताईंचा आवाज आला.

"विश्राम, दिसला रे. निळसर आहे ना? बघ, अजून आहे."

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. समोर नुसता काळोख होता.

"हो ताई," तो म्हणाला, "बघतोय."