थर्झाचा आलुबुखार

"हा रंग आहे की थट्टा, थर्झाबाई?"

ट्रेडवेलसाहेबांनी चित्रांचं पुस्तक तिच्या टेबलावर आपटलं. रॉचेस्टर गावातल्या, फळांची चित्रं रंगवायच्या त्या कारखान्यातल्या साऱ्या बायकांचे कुंचले जागीच थांबले. रंग निघाला की काम गेलं, हा इथला नियम होता, आणि थर्झाच्या घरात कमावणारी ती एकटीच होती.

पुस्तक साहेबांच्या मागं उभ्या असलेल्या एसा प्रुइटचं होतं. तो खेडोपाडी हिंडून फळझाडांची रोपं विके. रोप म्हणजे नुसती काठी; गिऱ्हाइकाला भुलवायचं ते या चित्रांनीच. थर्झानं रंगवलेल्या आलुबुखाराच्या पानावर फळाच्या जागी कागद पांढरा पडला होता.

"रंग धरून ठेवणाऱ्या डिंकात पाणी घातलंस," साहेब म्हणाले.

थर्झानं पान उजेडात धरलं. "साहेब, फळाभोवतीची पानं हिरवीगार आहेत, देठही शाबूत आहे. त्यांनाही तोच डिंक होता. हे फळ कुणीतरी घासलंय."

सगळे एसाकडे बघू लागले. तो टोपीशी चाळा करू लागला.

"मी नाही हो. बायका घासतात."

"कुठल्या बायका?"

"शेतावरच्या. पुस्तक उघडून हातात दिलं, की बोलता बोलता एप्रनचं टोक धरतात आणि पुसतात. खायच्या आधी पुसतो ना आपण, तसं."

साहेबांनी थर्झासमोरचं नवं, वाळलेलं चित्र उचललं. जांभळ्या फळावर पांढुरकी झाक होती, झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या आलुबुखारावर असते तशीच. कोरड्या कुंचल्यानं, श्वास रोखून तिनं ती टेकवली होती. साहेब बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं चित्रं विकून या माणसानं एकही चित्र असं निरखून पाहिलं नव्हतं.

"मग ही झाकच काढून टाकू," ते जरा नरमून म्हणाले. "फळ चकचकीत कर, म्हणजे कुणी पुसणार नाही."

"नको, साहेब, तेवढं करू नका," एसा घाईनं म्हणाला. "पान खराब झालं की मला नवं द्या, पण ती झाक राहू द्या."

"का रे?"

"पुसून झालं की त्यांच्या लक्षात येतं. आपल्याच वेडेपणाला हसतात. आणि मग दारातूनच नवऱ्याला हाक मारतात, 'अहो, झाडाला खड्डा कुठं खणायचा?'"