खोलीतला कापूस

बाळांनो, तुमच्या झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलाय, अशी कल्पना करा. दिसायला मऊ. पण तो महिनोन्महिने पडून राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते.

सुमेधाच्या घरी तसंच झालं होतं. बरा भाव आल्याशिवाय कापूस द्यायचा नाही, असं तिच्या वडिलांनी, राजानंदने, ठरवलं होतं. त्यांच्या हातात तेवढंच होतं, थांबणं.

होळी झाली आणि तीर्थपुरीचा व्यापारी साहेबराव टेम्पो घेऊन दारात आला. खोलीत येऊन, ढिगातला मूठभर कापूस उचलून त्याने धागा ओढून पाहिला. माल चांगला आहे, हे त्यालाही मान्य होतं. भाव मात्र त्याने दिवाळीपेक्षा कमी सांगितला. बाहेरच्या एका बलाढ्य देशाने जादा कर लावून आपला माल अडवला, मग नमतं घेऊन आपल्या सरकारने बाहेरच्या कापसावरचा कर काढला, आता गिरण्यांना तिकडचाच कापूस स्वस्त पडतो, असं तो समजावत राहिला.

सुमेधाच्या आईने, बेबीनंदाने, त्याच्यापुढे कपबशी ठेवली. "चहा इथलाच हाय, शेठ. चालंल ना?"

साहेबराव हसला. राजानंदही हसला आणि म्हणाला, "आपल्याला घाई न्हाई, शेठ. अजून थांबू."

साहेबराव चहा पिता पिता उंबऱ्यात बसलेल्या सुमेधाकडे पाहत होता. ती दंड खाजवत होती. कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. एका जागी रक्त आलं होतं.

त्याने कप खाली ठेवला आणि भाव आणखी उतरवला.

राजानंदला समजेना. "आत्ता तर जास्त बोलले तुमी."

"आत्ता पोरीचे हात पाह्यले न्हवते," साहेबराव शांतपणे म्हणाला. "आपल्या एवढ्या मोठ्या देशाला थांबता आलं न्हाई, राजानंदभाऊ. मंग तुमी कुठवर थांबणार?"

राजानंदने मान खाली घातली. बाहेर ड्रायव्हरने माल भरायला टेम्पोचं मागचं फाळकं पाडलं.

सुमेधा उठून आत गेली. पेटीतून भावाचा हिवाळ्यातला स्वेटर काढला. वर पत्रे तापले होते. तिने तो घातला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि कापसाच्या ढिगाला पाठ लावून साहेबरावच्या समोर येऊन बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. खाजवलं नाही.