पत्रिकेवर नसलेला विषय

दुष्काळी साल, कुणी ऊसदराचं विचारायला नको, म्हणून साखर कारखान्याची वार्षिक सभा लवकर उरकायची होती. चेअरमन मोहनराव एकेक विषय वाचत होते आणि मांडव न ऐकताच "मंजूर, मंजूर" ओरडत होता. तेवढ्यात नेकनूरची सभासद शिवकन्या लेकराला कडेवर घेऊन उभी राहिली.

"माजा बी एक विषय घ्या. लेकरू चार वर्साचं हाय. बोलत न्हाई, हाक मारली तर बघत न्हाई. बीडचे डॉक्टर म्हणले, लेकरांच्या वाढीचा डॉक्टर येगळा असतो, त्यो पुण्यात भेटल. त्याला महिन्यातून एकदा आपल्या कारखान्याच्या दवाखान्यात बोलवा."

"एका लेकरासाठी?" मोहनराव हसले. मांडवही हसला.

"एक कावून? आजून कुणाच्या घरात असं लेकरू हाय, त्यांनी हात वर करा."

मांडवात एकही हात हलला नाही.

"बघा. बसा खाली," मोहनराव म्हणाले.

"न्हाई बसत. उसावर माव्याची कीड पडली तवा पुण्याहून किडीचे साहेब आणलात ना? माजं लेकरू उसापरीस हलकं हाय व्हय?"

तेव्हा पहिल्या रांगेतून एक हात वर आला. चेअरमनच्या बायकोचा, रुक्मिणीबाईंचा.

"अहो, पाहुणे आले की आपल्या नातवाला आतल्या खोलीत कोंडायचं, ते आजून किती दिवस?"

मग त्या मांडवाकडे वळल्या.

"आता गप कावून? म्हणा की मंजूर!"