उपरण्याखालचा सौदा

सोयगावची एसटी स्टँडात शिरली, तिच्यातून आबा उतरले आणि शालूने तोंडाला बांधलेली ओढणी झटकन डोळ्यांपर्यंत वर ओढली. पळायचं तरी कुठे? तिची रिक्षा रांगेत अडकलेली आणि अंगात रिक्षावाल्यांचा खाकी शर्ट.

वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली, असं तिने गावी सांगितलं होतं. दुष्काळाने मेंढरं विकायला लावली तेव्हा आबांनी एकुलत्या लेकीला शहरात धाडलं, तेही खुर्चीवर बसून काम करशील या बोलीवर. आबा, म्हणजे मुंजाबा, धनगरवाड्यातला मानाचा माणूस. आपली पोर स्टँडवर गिऱ्हाइकांना हाका मारते हे कळलं, तर ते तिला आजच परत नेणार. मग कुठली रिक्षा आणि कुठलं काय!

तोवर रिक्षावाल्यांनी आबांना गराडा घातला होता. डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. असं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची दिवाळीच. शहर वाढत गेलं तसं या मंडळींचं चांगलंच फावलं होतं. कुठलीही वस्ती कुठेही असल्याचं सांगावं, नव्या माणसाला काय पत्ता! अप्पाराव तर या विद्येत सगळ्यांचा गुरू.

"मुकुंदवाडी? बाबा, ती आता लई लांब गेली. बायपासनं फिरून जावं लागतंय. बसा, पाचशेत सोडतो."

लांब गेली म्हणे! जणू मुकुंदवाडी पायांनी चालत गेली. शालूच्या अंगाचा तिळपापड झाला.

आबांनी उपरणं काढून हातावर पांघरलं आणि अप्पारावापुढे धरलं. मेंढरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. पण स्टँडवर हे कोणाला ठाऊक? अप्पारावाने उपरण्याखाली हात घालून आबांचा हात गदागदा हलवला. सगळे खो खो हसले. आबा पुढच्या रिक्षाकडे गेले, तिथेही उपरणं पुढे केलं. तिथेही हसू.

"म्हातारं येडं हाय," म्हणत अप्पाराव त्यांची पिशवी ओढून आपल्या रिक्षात टाकायला लागला.

ते मात्र शालूला सोसलं नाही. ज्याच्यापुढे बाजारातले व्यापारी शब्द जपून बोलायचे, त्या माणसाला हे हसणार? खड्ड्यात गेली ती कंपनी! ती तीरासारखी गेली आणि पिशवी हिसकावून घेतली.

"सवारी मेरी है. हाथ हटाओ," आवाज ओळखू येऊ नये म्हणून तिने हिंदी वापरली.

आबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उपरणं पुढे केलं. काही समजत नसल्याचं सोंग करायचं, असं तिने ठरवलं होतं. पण आबांनी तिची दोन बोटं धरली. म्हणजे दोनशे. एवढ्याशा अंतराला दोनशे? लहानपणी त्यांच्या शेजारी बसून शिकलेला तो हात, त्याला काही ते पटेना. त्याने आपणहून एक बोट सोडवून घेतलं.

स्वतःचंच भाडं कमी करणारा रिक्षावाला त्या स्टँडवर आजवर कोणी पाहिला नव्हता.

आबांनी उरलेलं बोट सोडलं नाही. घट्ट धरून ठेवलं. शालूचे डोळे भरून आले. संपलं सगळं.

"आबा, त्ये कंपनीचं मी खोटंच..."

"ठावं हाय मला. आपल्या वाड्यातल्या कडूबानं मागंच बघितलं तुला हितं. तू लपशील ह्ये बी ठावं व्हतं. म्हनून तर उपरणं फिरवलं. म्हटलं, बापाला कोन हसलं की माझी वाघीण दम काढायची नाय."

मग आबा रिक्षात ऐसपैस बसले आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता ती ओढणी सोड अन् चल. लेकीच्या रिक्षात बसून आख्खं शहर बघतो, असं समद्या धनगरवाड्याला सांगून आलोय. लोकांना दिसू दे की, कुनाची लेक हाय ती!"