पुण्याहून येणारं बेअरिंग

गिअरबॉक्स खाली उतरला आणि कादर मिस्त्रीला हायसं वाटलं. गिअरबॉक्स काढलेला ट्रक कुठं जात नसतो, आणि ट्रक जात नाही तोवर ड्रायव्हरही जात नाही. ट्रकखालून सरपटत बाहेर येताना त्याने तोंड मात्र सुतकी ठेवलं. क्लच प्लेट पार जळाली होती, आणि एक बेअरिंगही गेलं होतं. प्लेटला नवे पट्टे आपण इथंच ठोकू, पण बेअरिंग पुण्याहून यायला हवं, असं त्याने सोपानला सांगितलं. वर चार शिव्याही हासडल्या. क्लचवरचा पाय उचलायला तुझ्या जिवावर येतं का, म्हणाला. सोपानने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

लढाई संपून वर्ष झालं होतं. लष्कराने लिलावात काढलेला हा जुना ट्रक वडगावच्या भिमाजीशेटनी घेतला होता. तिकोणा पेठेकडचा लाकडी कोळसा भरून तो लोणावळ्याच्या स्टेशनावर यायचा. ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतलेला सोपान त्यावर ड्रायव्हर होता. चार महिन्यांत ट्रक तिसऱ्यांदा लोणावळ्यात मिस्त्रीच्या दारात उभा राहिला होता, आणि तिन्ही वेळा दुखणं तेच.

बेअरिंग सोमवारीच आलं. ओळखीच्या एका लॉरीवाल्याने आणून दिलं तेव्हा सोपान विहिरीवर अंघोळीला गेला होता. मिस्त्रीने ते बोटावर फिरवून पाहिलं. फार गोड फिरत होतं. मग त्याने ते बायकोच्या, हसिनाच्या पेटीत, तिच्या कपड्यांखाली सरकवलं आणि कडी लावली. हसिना तापाने गेली त्याला दोन वर्षं झाली होती. ती पेटी घरात कुणी उघडत नसे, आणि तसं घरात दुसरं होतं तरी कोण.

हे त्याने ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला. बेअरिंग बसवून गिअरबॉक्स वर चढवला की बुधवारी खोली पुन्हा रिकामी, एवढंच त्याच्या मनात आलं. एकट्याने जेवायचा त्याला इतका वीट आला होता की एरवी तो पातेल्यातूनच उभ्या उभ्या चार घास खाऊन घेई. सोपान असला की दोन ताटल्या निघत. सोपान आमटीत मीठ जास्त घाली. मिस्त्री कुरकुर करी आणि दोनदा वाढून घेई. घरचं काही विचारलं की मात्र सोपान चहाच्या कपात तोंड घाली, म्हणून मिस्त्रीने ते विचारणंच सोडून दिलं होतं.

रोज दुपारी दोघं पार्सल बघायला स्टेशनात जात. पार्सलबाबू नाही म्हणे, आणि तो बिचारा खरंच सांगत होता. परतीच्या वाटेवर मिस्त्री रेल्वेच्या नावाने मनसोक्त बोटं मोडी. सोपान हसे. तेवढ्या चालण्यात मिस्त्रीचा दिवस भरून जाई.

गुरुवारी शेटजींचं कार्ड आलं. मिस्त्रीने ते दारात उभं राहून, अक्षर जुळवत वाचलं. ट्रक तयार झाला की नवा ड्रायव्हर बजरंग न्यायला येईल, त्याच्याच ताब्यात द्यावा, असं लिहिलं होतं. सोपानला कामावरून काढलं होतं. हा गडी मुद्दाम गाडी मोडून तुमच्याकडे बसून खातो, अशी शेटजींची खात्री झाली होती.

आपल्याला सोबत हवी म्हणून आपण एका गरीब पोराच्या पोटावर पाय दिला, असं त्याला झालं. आयुष्यात त्याने कुणाचं काम अडवलं नव्हतं. तो आत गेला आणि पेटी उघडली. कापूर आणि जुन्या कापडाचा वास आला. मग बेअरिंग घेऊन बाहेर आला.

सोपान घासलेटच्या डब्यात नट-बोल्ट धूत बसला होता. मिस्त्रीने बेअरिंग त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि कार्ड वाचून दाखवलं.

"हे सोमवारीच आलंय. मी दडवून ठेवलं," तो म्हणाला. "असाच वडगावला जातो आणि शेटजींचे पाय धरतो. पोराचा काही गुन्हा नाही, म्हाताऱ्याला एकटं राहवेना, असं सांगतो त्यांना."

त्याने टोपी घातली. घाईत एकच चप्पल पायात गेली, दुसरी सापडेना. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

सोपान रागावेल, निदान उठून तरी जाईल, असं त्याला वाटलं होतं. सोपानने हात फडक्याला पुसले. बेअरिंग उचलून बोटावर फिरवलं आणि हळूच खाली ठेवलं.

"बसा मिस्त्री. शेट खरं बोलतोय."

मिस्त्रीला काही उमगेना. सोपान जमिनीकडे बघत बोलू लागला. कामशेत सोडल्यापासून क्लच अर्धा दाबून तो गाडी रेटत आणायचा. जळका वास आला की समजायचं, आता लोणावळ्याला मुक्काम पडणार. पहिली खेप सोडून पुढच्या दोन्ही खेपांना त्याने हेच केलं होतं.

"अरे, पण कशापायी?"

"लढाईवरनं आलो तवा गावाकडं इंदुरीत आई ऱ्हायली न्हवती. घराला कुलूप. पयल्यांदा गाडी खरंच बिघडली, तवा तुमी मला ताटावर बसवलं," सोपान म्हणाला. "धड गाडी घिऊन मिस्त्रीच्या दारात कसं थांबायचं, ते मला कळंना झालतं."