दुलमाच्या पोटातली बिऱ्हाडं

सकाळी दहा वाजता मंगोलियातल्या माळावरच्या तंबूत, शहरात वाढलेल्या डॉक्टर गान्झोरिगने आईला, दुलमाला, तपासणीचा निकाल सांगितला.

"दूध पचवणारं एन्झाइम आपल्या दोघांच्याही आतड्यात नाही, आई. मी दूध सोडलं, तूही सोड. दुभत्या घोड्या विकू, शहरात चल."

"मग सत्तर वर्षं माझं दूध पचवतंय कोण? तुझा बाप?"

"तुझ्या आतड्यातले जिवाणू. रोजच्या दुधावर पोसलेत ते."

"आणि त्यांना उपाशी मारून मी तुझ्याकडे येऊ?"

तिने घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे केला. आईने दिलेला वाडगा नाकारायची रीत नव्हती. त्याने तो रिकामा केला.



डॉक्टर पोट धरून तंबूमागे गेलाय. घोड्या विकायचं बोलणं अजून अर्धवटच आहे.